इंद्रायणीचा फेस आणि महसीर मासा

आळंदीच्या घाटाला लागून इंद्रायणी पांढऱ्या फेसाने भरून वाहते, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, मंत्रिमहोदय कडक कारवाईचे आश्वासन देतात, चार-दोन कारखान्यांना नोटिसा निघतात, पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते आणि फेस असतो तेथेच राहतो. हा क्रम आता आषाढी-कार्तिकीच्या तिथींइतका ठरून गेला आहे. यात एक गोष्ट मात्र कधीच येत नाही. ज्या नदीत हा फेस उठतो त्या नदीत कोणी राहत होते, त्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. भाविकांच्या भावना दुखावल्या की सरकार हलते. नदीतला मासा मेला तर पंचनामाही होत नाही.

मासा मेला तर मरू द्या, माणसांचेच प्रश्न कुठे सुटले आहेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पुरोगामी चळवळीतही आहेत. त्यांना मासे वाचविण्याची चर्चा ही सुखवस्तूंच्या फुरसतीची चैन वाटते. हा समज चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर तो चळवळीच्या हिताविरुद्ध जाणारा आहे. इंद्रायणीतला महसीर कोणत्या कारणांनी नाहीसा होत गेला याचा माग काढीत गेले तर वाट थेट पाण्याची मालकी, उद्योगाचा खर्च आणि नगराचे नियोजन कोणाच्या हाती आहे या प्रश्नांशी येऊन ठेपते. समाजवाद्यांनी विचारावयाचे प्रश्न याहून वेगळे कोणते?

मासा कोणता, नदी कोणाची

दख्खनच्या महसीराला शास्त्रात जे नाव आहे त्यातील 'खुद्री' हा शब्द मराठी मुलखातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी आणि मुंबई सरकारचे सांख्यिकी प्रतिवेदक विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतून मिळालेला हा मासा त्यात आहे. साइक्स यांनी कित्येक जातींना स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन पेहराव चढवून दिली: खुद्री, मुसुल्ला, कोळस, नुकटा, संडखोल. म्हणजे या माशांची ओळख जगाला होण्यापूर्वी ती नदीकाठच्या भोई-कोळ्यांना होती. त्या ज्ञानाचे श्रेय साहेबाला मिळाले आणि ज्यांचे ज्ञान होते त्यांच्या हातून पुढे नदीही गेली.

मुळा-मुठा काय आणि इंद्रायणी काय, दोन्ही भीमेच्याच लेकी. लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावून कामशेत, देहू, आळंदी या मार्गाने इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय पाहणीत या लहानशा नदीत माशांच्या पन्नासाहून अधिक जातींची नोंद झाली. त्यांतील काही सह्याद्रीखेरीज आणि काही तर कृष्णेच्या खोऱ्याखेरीज जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. त्याच पाहणीत प्रदूषण आणि परक्या जातींचे आक्रमण ही संकटेही नोंदविलेली आहेत.

महसीर हा मोठा, बळकट, जाड खवल्यांचा मासा. त्याच्या गरजा साध्या, पण तडजोड न करणाऱ्या आहेत. त्याला वाहते, थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो आणि गोट्या-खडीच्या तळावर अंडी घालतो. ती आकाराने मोठी आणि संख्येने बेताची असतात, पाण्यावर तरंगत नाहीत, दगडांच्या फटीत बसतात. तळावर गाळ साचला की ती गुदमरतात. मासा वयात यायलाही वेळ लागतो, म्हणून एकदा घटलेली संख्या भरून येणे कठीण. वाहते पाणी, मोकळी वाट, स्वच्छ तळ आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू या चारांपैकी एक काढून घेतले तरी महसीर टिकत नाही. इंद्रायणीत चारही काढून घेतले गेले आहेत.

तरीही हा मासा देहूपाशी टिकून राहिला, तो सरकारी खात्यामुळे नव्हे. तुकोबांची गाथा ज्या डोहात बुडविली गेली असे वारकरी परंपरा मानते त्या परिसरातील माशांना भाविकांनी देवाचे मानले. पिढ्यान्पिढ्या तेथे कोणी गळ टाकला नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीतही वरदायिनीच्या आश्रयाने महसीर असेच जपले गेले. कोणताही कायदा, कोणतीही योजना, कोणतेही अनुदान नसताना साध्या लोकांनी सामुदायिक मर्यादा पाळून हे केले. सामुदायिक मालकीची साधनसंपत्ती लोक हटकून ओरबाडून टाकतात, असा सिद्धांत विद्यापीठांतून शिकविला जातो. देहूचा डोह हे त्या सिद्धांताला दिलेले उत्तर आहे.

परंतु या उत्तराला एक मर्यादा आहे. देहूकर गळ थांबवू शकतात, वरून येणारे पाणी थांबवू शकत नाहीत. ज्या माशांना माणसाने हात लावला नाही त्यांना नाल्यातून आलेल्या पाण्याने गाठले. देहूच्या घाटावर मेलेल्या माशांचा खच पाहण्याची पाळी गावकऱ्यांवर आली. श्रद्धेने माशाला माणसाच्या हातापासून वाचविले. उद्योगाच्या आणि नगराच्या सांडपाण्यापासून वाचविण्याचे सामर्थ्य श्रद्धेत नाही. त्यासाठी राजकारणच करावे लागेल.

फेसाचे अर्थशास्त्र

हा फेस येतो कोठून? इंद्रायणी ही पिंपरी-चिंचवड महानगराची उत्तर सीमा आहे. तिच्या दक्षिणेला तळवडे, चिखली, कुदळवाडी, मोशी. उत्तरेला चाकणचा औद्योगिक पट्टा. वर तळेगाव आणि देहूरोड. नाल्यांतून घरांचे मैलापाणी येते, त्यात धुलाईच्या पावडरी आणि साबणातील फॉस्फेट असते. कारखान्यांतून तेल, आम्ल आणि मुलामा देण्याच्या कामातील क्रोम-निकेलसारखे धातू येतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळले की त्यातली हवा या द्रावणात कोंडते आणि फेस उभा राहतो. फेस दिसतो म्हणून त्याची बातमी होते. खरे मारक जे असते ते दिसत नाही. मैल्यावर जगणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात दर लिटरला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, तर स्नानाच्या पाण्यात तो ५ मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेच निकष सांगतात. म्हणजे नियमाच्या दृष्टीने माशाच्या पाण्यापेक्षा वारकऱ्याच्या स्नानाचे पाणी अधिक शुद्ध हवे. जेथे मासा जगू शकत नाही तेथे लाखो माणसांना तीर्थ म्हणून ओंजळ भरावी लागते, याचा अर्थ सरकारनेच काढावा.

महसीर गेला की जागा रिकामी राहत नाही. कमी प्राणवायूतही तग धरणारा, आफ्रिकेतून आणलेला चिलापी तेथे येतो. उजनीच्या जलाशयात भीमेच्या मूळच्या माशांची जागा त्याने कशी घेतली हे सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही मच्छीमाराला ठाऊक आहे. वर पाण्यावर जलपर्णी पसरते, खाली चिलापी उरतो आणि खात्याच्या अहवालात मत्स्योत्पादनाचा आकडा मात्र वाढलेला दिसतो.

आकड्यांची ही किमया नीट समजून घेतली पाहिजे. कारखान्याने मुलामा दिलेला सुटा भाग विकला की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. त्याच्या सांडपाण्याने विहीर नासली आणि गावाने टँकर मागविला की टँकरचे भाडेही उत्पन्नातच जमा होते. पोटाचे विकार वाढले तर दवाखान्याचे बिल जमा होते. जलपर्णी काढण्याचा ठेका निघाला की तोही जमा होतो. परंतु भोयाच्या जाळ्यात येणारा, बाजारात न जाता चुलीवर शिजणारा मासा नाहीसा झाला, याची वजावट कोठेच होत नाही, कारण तो मुळात कधी जमेला धरलेलाच नव्हता. गरिबाच्या ताटातून मासा गेला तरी देश श्रीमंत होत असल्याचे दाखविणारी ही हिशेबपद्धती आहे.

अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम काप यांनी १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे प्रतिपादन असे की, प्रदूषण हा बाजारव्यवस्थेतला किरकोळ अपघात नाही. आपल्या उत्पादनाचा जेवढा खर्च दुसऱ्याच्या माथी मारता येईल तेवढा मारणे हा नफ्यावर चालणाऱ्या उद्योगाचा स्वभावच आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात या स्वभावाचे शिस्तबद्ध दर्शन घडते. मोठा वाहन कारखाना स्वच्छ असतो, त्याच्या आवारात हिरवळ असते, पर्यावरणाचे प्रमाणपत्र भिंतीवर असते. सुट्या भागांना मुलामा देण्याचे, आम्लात धुण्याचे, रंगविण्याचे घाणेरडे काम तो उपकंत्राटाने लहान कारखान्याला देतो. भाव इतका घासून ठरवितो की लहान मालकाने सांडपाण्यावर प्रक्रिया करावयाची म्हटली तर धंदाच उरू नये. लहान मालक तो बोजा हंगामी कामगाराच्या अंगावर आणि नाल्यात टाकतो. नाला तो नदीत नेतो. कामगाराची कमी मजुरी आणि नदीतला मेलेला मासा या एकाच खतावणीतल्या दोन नोंदी आहेत.

तपासाची वेळ आली की हात कोणावर पडतो? फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागातली हजारो पत्राशेड महापालिकेने पाडली. भंगाराचे धंदे, लहान वर्कशॉप आणि त्यांत काम करणारे परगावचे मजूर काही दिवसांत रस्त्यावर आले. तेथे नियम पाळले जात होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या शेडांत गोळा होणारे भंगार कोणाचे होते, तेथे तयार होणारा माल कोणत्या फाटकातून आत जात होता, याची चौकशी झाली काय? त्याच वर्षी मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले न्यायालयीन लढाईनंतर पाडावे लागले. नदीच्या पात्राचे भूखंड पाडून विकले जात असताना परवानगी देणारे आणि डोळेझाक करणारे कोण होते? शेड पाडणे सोपे असते. पाडावयाचे असते ते संगनमत, आणि त्याला बुलडोझर लागत नाही.

कायद्याचा दुष्काळ नाही. जलप्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ साली केला, राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली अस्तित्वात आले, केंद्राचा कायदा १९७४ साली आला. अर्धशतकानंतरचे फलित असे: केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांत ५३ महाराष्ट्रातले होते आणि कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या अधिक होती. २०२२ साली देशाची संख्या ३११ वर उतरली, महाराष्ट्राची ५५ वर चढली. सांडपाण्याची कथाही तीच. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर, म्हणजे दर चार बादल्यांपैकी जेमतेम एकीहून थोड्या अधिकावर.

अशा वेळी कायदा कडक व्हावयास हवा होता. घडले उलट. १९७४ च्या कायद्यात नदीत विषारी द्रव्य सोडणाऱ्याला दीड ते सहा वर्षे कैदेची तरतूद होती. २०२४ च्या दुरुस्तीने अशा बऱ्याच गुन्ह्यांतली कैद काढून टाकून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. जी राज्ये ठराव करतील त्यांना ही दुरुस्ती लागू होते. उद्योगसुलभता असे तिचे गोंडस नाव. दंड भरून गुन्हा करता येत असेल तर त्या दंडाला दंड कशाला म्हणावयाचे? ते नदी वापरण्याचे भाडे झाले, आणि तेही मातीमोल.

पाणी कोठे गेले

फेसाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. पाण्याविषयी बोलणारे फार थोडे. नदी घाण पचविते ती वाहत्या पाण्याच्या बळावर. आणि इंद्रायणीचे पाणी तिच्या उगमापाशीच वळविलेले आहे. लोणावळा आणि वळवण येथे टाटा कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धरणे बांधली. पूर्वेकडे, भीमेकडे जाणारे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरविले आणि १९१५ पासून तेथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मुळशीसह टाटांच्या धरणांतून भीमेच्या खोऱ्यातले वर्षाला सरासरी ४० टीएमसीहून अधिक पाणी असे कोकणात जाते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला तो याच योजनेच्या पुढच्या टप्प्याविरुद्ध होता. मावळ्यांची जमीन गेली हे इतिहासात नोंदले गेले. नदीखोऱ्याचे पाणी गेले आणि त्याबरोबर नदीचा जीव गेला, ही नोंद व्हावयाची आहे. गिरण्या बंद पडून दशके लोटली. पाणी वळविण्याचा हक्क मात्र अबाधित आहे.

याच वळवणच्या काठी महसीराच्या संवर्धनाचे बहुचर्चित केंद्र आहे. येथे न्यायाने बोलले पाहिजे. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तेथे महसीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, ते शास्त्राच्या दृष्टीने मोलाचे काम होते. पुढील दशकांत लक्षावधी बोटुकल्या तेथे तयार झाल्या आणि देशभरच्या जलाशयांत गेल्या. त्या शास्त्रज्ञांच्या कष्टांविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु त्या कामाला आज जो अर्थ चिकटविला जातो तो तपासला पाहिजे. नदीचे पाणी घाटाखाली न्यावयाचे, माशाची वर चढण्याची वाट भिंतीने अडवावयाची, आणि मग त्या माशाची पिले टाकीत वाढवून संवर्धनाची पाटी लावावयाची! घर पाडून घरमालकाचे छायाचित्र चौकटीत लावण्यासारखे हे आहे.

आणि याचा परिणाम तरी काय? निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत दख्खनचा महसीर पूर्वी संकटग्रस्त म्हणून नोंदलेला होता. आता तो 'अल्प चिंता' वर्गात आहे. मासा सापडतो त्या पाण्यांची यादी वाढली, हे खरे. त्यावरून देहू-आळंदीचा महसीर सुरक्षित झाला असे कोणी समजू नये. यादी जातीची असते, नदी एकेकटी मरते. उलट जेथे हा मासा मुळात नव्हता तेथे सोडल्याने दुसराच अनर्थ झाला. कावेरीत दख्खनी महसीराच्या बोटुकल्या सोडल्या गेल्या. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर त्यानंतर झपाट्याने घटला आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. त्या घसरणीचे एक प्रमुख कारण म्हणून शास्त्रज्ञ या परक्या पाहुण्याकडेच बोट दाखवितात. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीचा शत्रू झाला, कारण मासा ही नदीपासून सुटी करून ट्रकने पाठविता येणारी वस्तू आहे असे मानले गेले.

थेम्सचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. लंडनची ही नदी १९५७ साली जीवशास्त्राच्या दृष्टीने मृत ठरविली गेली होती. सार्वजनिक खर्चाने मैलाशुद्धीची केंद्रे सुधारण्यात आली, पाण्यात प्राणवायू परतला आणि १९७४ साली तिच्यात पुन्हा सॅमन मासा मिळाला. त्यानंतर पुष्कळ वर्षे सॅमनची पिले वाढवून नदीत सोडण्याचा कार्यक्रम चालला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात आढळले की, थेम्समध्ये सापडणारे सॅमन त्या सोडलेल्या पिलांचे वंशज नसून शेजारच्या नद्यांतून आपण होऊन आलेले आहेत. पाणी आणि वाट मिळाली की मासा येतो. ती मिळाली नाही तर बोटुकल्या सोडण्याचा समारंभ हा छायाचित्रापुरता उरतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप रोजगाराचा. कारखान्यांवर कडक बंधने घातली तर ते दुसऱ्या राज्यात जातील, कामगार बेकार होतील, अशी भीती मालकांच्या संघटना घालतात आणि काही कामगार पुढारीही ती पुन्हा उच्चारतात. आठ तासांच्या दिवसाची मागणी झाली तेव्हा हेच म्हटले गेले होते, बालमजुरी बंद झाली तेव्हाही हेच. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवरही माणसेच काम करतात. शिवाय नासलेल्या नदीकाठी राहतो कोण? चिखली-तळवड्याच्या चाळीत राहणारा, विंधनविहिरीचे पाणी पिणारा कामगारच. माशाच्या अंगात साचणारा धातू पुढे कोणाच्या अंगात साचतो हे जपानमधील मिनामाता या गावाने १९५६ सालीच जगाला दाखविले आहे. तेथे कारखान्याच्या पाऱ्याने आधी मासे नासले, मग ते खाणारी मांजरे झिंगून मेली, आणि शेवटी पाळी आली ती मासेमारांच्या मुलांवर. मासा हा कामगाराचा प्रतिस्पर्धी नव्हे. तो त्याच्या पुढच्या रांगेत उभा आहे.

दुसरा आक्षेप असा की, वारकरीच नदी घाण करतात आणि आळंदीचे स्वतःचे सांडपाणीही नदीतच जाते. यात तथ्य आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. निर्माल्य, कपडे, प्लास्टिक नदीत जाता कामा नये आणि आळंदीचा मैला शुद्ध झालाच पाहिजे. परंतु यात्रा वर्षातून मोजके दिवस भरते. नाले तीनशे पासष्ट दिवस वाहतात. वारकऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवून औद्योगिक वसाहतीच्या नाल्यावर पांघरूण घालता येणार नाही. लहान नगरपालिकेला यात्रेचा बोजा पेलत नसेल तर तो राज्याने उचलावा. पालखीच्या मार्गासाठी हजारो कोटींचे रस्ते होऊ शकतात, तर नदीसाठी पैसा नाही हे कारण चालणार नाही.

तिसरा आक्षेप आक्षेपाच्या रूपाने येत नाही, योजनेच्या रूपाने येतो. नदीकाठ सुधारणा, घाट, बांधीव किनारे, दिवे, पायवाटा असे तिचे स्वरूप असते. अशा योजनांनी नदीच्या कडेची जमीन महाग होते, नदी सुधारत नाही. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत घातली की काठाच्या उथळ पाण्यात वाढणारी पिले, गोट्यांचा तळ, काठाची झाडी हे सर्व संपते. ज्या नदीत मासा नाही तिच्या काठी बाकडी टाकून बसावयाचे कशासाठी?

करावयाचे काय

केवळ निषेधाचे ठराव पुरेसे नाहीत. पक्षाच्या मावळ, पिंपरी-चिंचवड आणि खेड भागातील कार्यकर्त्यांनी निश्चित मागण्यांभोवती लोकांना संघटित केले पाहिजे.

पहिली मागणी पाण्याची. वळवण आणि लोणावळ्याच्या धरणांतून उन्हाळ्यात किमान प्रवाह आणि पावसाळ्यात प्रजननाच्या काळात पुरेसा विसर्ग इंद्रायणीत सोडणे बंधनकारक करावे. किती सोडले याची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी वसाहतीच्या सरकारने दिलेला हक्क हा अमरपट्टा नव्हे.

दुसरी मागणी जबाबदारीची. उपकंत्राटातून निर्माण होणाऱ्या सांडपाण्याचा भार ज्याच्यासाठी माल बनतो त्या मुख्य कारखान्यावर टाकावा. लहान उद्योगांसाठी सामायिक प्रक्रिया केंद्र उभारावे आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा मोठ्या कंपन्यांकडून वसूल करावा. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच मान्य केले आहे. किंमत कोणी मोजावयाची हे ठरविताना साखळीच्या शेवटच्या दुबळ्या कडीला पकडण्याची पद्धत बंद झाली पाहिजे.

तिसरी मागणी माहितीची. देहू, मोशी आणि आळंदी येथे पाण्यातील प्राणवायूचे रोजचे प्रमाण घाटावर मोठ्या फलकावर मराठीत लिहिले जावे. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही ही मोजणी करता येते. त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. आकडा समोर दिसू लागला की आश्वासनाला टिकाव राहत नाही.

चौथी मागणी माशाची आणि मासेमाराची. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर आहे. ती भोई, शेतकरी, वारकरी आणि कामगार यांच्या हाती यावी. त्याच कायद्याखाली २०२१ साली आंबोलीच्या हिरण्यकेशीचा उगमाचा भाग तेथील एका लहानशा, नव्यानेच शोधल्या गेलेल्या माशासाठी जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. बोटाएवढ्या माशासाठी जे होऊ शकले ते देहूच्या डोहासाठी आणि त्याच्या वरच्या पात्रासाठी का होऊ नये? परक्या जातींचे बीज नदीत सोडणे बंद करावे. तळ खरवडणारा वाळूउपसा थांबवावा. जलाशयांचे ठेके पैसेवाल्या ठेकेदारांच्या घशात न घालता मच्छीमारांच्या खऱ्याखुऱ्या सहकारी संस्थांना द्यावेत, म्हणजे मासा टिकण्यात ज्याचे पोट गुंतले आहे त्याच्याच हाती राखण राहील.

या मागण्यांत अशक्य असे काहीही नाही. अडचण आहे ती आजवर त्यांच्यामागे उभे राहणारे बळ एकत्र आले नाही ही. वारकरी नदीसाठी हळहळतो, कामगार पगारासाठी लढतो, भोई जाळे गुंडाळून बिगारीला जातो, आणि या तिघांची गाठ पडू नये अशी व्यवस्था चोख आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५८ साली नद्या स्वच्छ करण्याची हाक दिली तेव्हा अनेकांना ते राजकारण वाटले नाही. ते किती मूलभूत राजकारण होते हे आज आळंदीच्या घाटावर उभे राहिले की कळते. कार्तिकीला लाखो माणसे तेथे येतील. कार्यकर्त्यांनी त्यांच्यात पत्रके घेऊन जावे, मोशी-भोसरीच्या कारखान्यांच्या फाटकांवर सभा घ्याव्यात, भोई वस्त्यांत बसून नदीत पूर्वी काय मिळत होते त्याची यादी करावी. त्या यादीपासून आंदोलनाची सुरुवात होऊ शकते, कारण काय हिरावले गेले हे ठाऊक असल्याखेरीज परत काय मागावयाचे हे ठरत नाही.